शिट्टी न मोजता

मी लोणच्याची बाई.
मीठ, तेल, ऊन आणि आंबट,
या चौघांवर भरवसा ठेवून झोपते.
हे बॉयलरवाले.
पिंपरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं
वाफेचा राग-लोभ सांभाळून घरी आले
आणि दापोडीच्या ओट्यावर
मटार कोंडायला निघाले.

सासवडचा मटार, जानेवारीतला, आठ किलो.
सोलून सोलून माझी नखं हिरवी,
आणि ह्यांचं चाललेलं:
"मटाराला स्वतःचं आंबट नसतं, मंदे.
कैरी आपली राखण आपण करते.
याच्यासाठी कुणीतरी जागं राहावं लागतं."

मग उकळा की तासभर, मी म्हटलं.
तर म्हणे, उकळीला ते बीज मरत नाही.
पडून राहतं. आणि बंद बरणीत, हवेवाचून,
कधीतरी डोळे उघडतं.
वास येईलच असं नाही. चव बदलेलच असं नाही.

म्हणजे माझं नाक बाद!
उतरलेलं वरण, खवट शेंगदाणे,
लेकाची पहिली सिगारेट
ज्या नाकाने दारातूनच ओळखली, ते.

भाच्याने आणलेला तो थोरला कुकर,
त्यात आठ काचेच्या बरण्या,
वर बोटभर जागा रिकामी,
झाकणं नवी कोरी. (जुनी मी बटणांना लावली.)
मी सवयीने कान देऊन बसले.
शिट्टी होईना.
"शिट्ट्या मोजायच्या नाहीत, काटा बघायचा.
दहा मिनिटं वाफ सुटू दे, आतली हवा गेली पाहिजे.
मग अकरा पौंड. पुणं समुद्रापासून उंच,
म्हणून थोडं जास्त."
पुणं उंच आहे हे मला नवीन होतं.
पुणेकरांचं ठाऊक होतं.

चाळीस मिनिटं.
स्टुलावर हे, मनगटावर कारखान्याचं घड्याळ,
एकदा नाक खाजवलं तेवढंच.
एकतिसाव्या मिनिटाला सिलिंडर संपला.

काटा खाली आला.
मी दुसरा सिलिंडर ओढत आणला, म्हटलं,
नऊच राहिली होती, एकतीस धरा ना.
"पुन्हा पहिल्यापासून," हे म्हणाले.
अहो, नऊ मिनिटांनी काय होतंय?
"सत्त्याऐंशी साली, दोन नंबरच्या बॉयलरवर,
कुणीतरी अशीच धरली होती."

मी गप्प झाले.
साबळ्यांच्या घरी त्या वेळी
तेरा दिवस डबा माझाच जात होता.
कुणी धरली होती, ते मी तेव्हा विचारलं नाही.
आताही नाही.
गॅस लावला.

कुकर आपला आपण निवला, त्याला हात लावू दिला नाही.
रात्री बरण्या फडक्यावर, एकमेकींपासून लांब,
आणि अंधारात झाकणं बसू लागली: टक्.
मग बऱ्याच वेळाने, टक्.
अंथरुणातून मी मोजलं, सात.
शेजारून आवाज आला, "सातच."
आठवी फ्रिजमध्ये गेली,
दुसऱ्या दिवशी मटार-बटाटा.

भाद्रपदात एक बरणी घेऊन
बोपोडीला गेले, साबळेवहिनींकडे.
निघताना ह्यांनी झाकण अंगठ्याने दाबून पाहिलं,
बरणी उलटी केली, सुलटी केली,
स्वतः मात्र आले नाहीत.

"किती शिट्ट्या केल्या हो?" वहिनींनी विचारलं.
एकही नाही, म्हटलं.
फोडणीला टाकण्याआधी दहा मिनिटं उकळा मात्र,
आणि आधी चाखू नका, असा निरोप आहे.

त्यांनी बरणी खिडकीच्या उजेडात धरली.
चष्मा नव्हता; हात लांब करून
चिठ्ठी वाचली, ह्यांच्या अक्षरातली:
अकरा पौंड. चाळीस मिनिटे पूर्ण.
एकतीस धरलेली नाहीत.

म्हणजे काय, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.
विळी ओढली,
आणि कांदा घेतला चिरायला.